प्रोसेसर घडवला, कर्नेल कोण सांभाळणार?



स्मृती व्याख्यानमालेच्या मंचावर साहित्य, समाजकारण किंवा इतिहास यांवर बोलण्याची आपली रीत आहे. आजचा विषय त्या रीतीबाहेरचा आहे, पण भिवंडीच्या श्रोत्यांना तो परका वाटू नये. यंत्र विकत आणणे वेगळे आणि ते चालते ठेवणे वेगळे, हा भेद इथे कोणाला शिकवावा लागत नाही. २०१९ साली वर्तमानपत्रांत एक बातमी आली. पवईच्या आयआयटीत, म्हणजे वाहतूक कोंडी नसेल तर इथून तासाभराच्या वाटेवर, प्रा. माधव देसाई यांच्या गटाने ‘अजित’ नावाचा प्रोसेसर घडवला होता. बत्तीस बिटांचा हा प्रोसेसर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने उतरवला गेला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचा आणि आयआयटीचा पैसा त्यात होता, ‘पवई लॅब्ज’ ही कंपनी सोबत होती, आणि ‘समीर’ या संस्थेशी बोलणी होती ती आपल्या उपग्रह-दिशादर्शनाच्या रिसीव्हरसाठी. बातम्यांचा भर अर्थातच चिपवर होता आणि तो चुकीचाही नव्हता. माझे म्हणणे मात्र असे आहे की प्रोसेसर घडवणे हा या कामाचा पूर्वार्ध आहे. त्या प्रोसेसरसाठी ऑपरेटिंग सिस्टमचे कर्नेल जुळवणे आणि ती जुळणी वर्षानुवर्षे चालती ठेवणे हा उत्तरार्ध. आपल्याकडे पूर्वार्धाला अनुदान मिळते, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. उत्तरार्धासाठी अजून पगाराची जागासुद्धा धड निर्माण झालेली नाही. त्या प्रोसेसरवर काही चालणार की नाही, आणि किती वर्षे चालणार, हे मात्र उत्तरार्धच ठरवतो.

आधी कर्नेल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वेळ, मेमरी आणि उपकरणे हवी असतात, आणि ती वाटून देणारा ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा म्हणजे कर्नेल. त्याचा फार मोठा भाग कोणत्याही प्रोसेसरवर सारखाच असतो. फाइली कशा ठेवायच्या, नेटवर्कवरून आलेले पुडके कोणाला द्यायचे, याच्याशी प्रोसेसरच्या जातीचा संबंध नाही. एक थर मात्र असा असतो की ज्याला प्रोसेसरची नस अन् नस माहीत असावी लागते. इंटरप्ट, म्हणजे उपकरणाची हाक, आला की उडी कुठे मारायची, एका प्रोग्रॅमची रजिस्टरे बाजूला ठेवून दुसऱ्याची कशी भरायची, मेमरीची पाने कशी आखायची, हे सारे त्या थरात. बेल लॅबमध्ये युनिक्स आधी पीडीपी जातीच्या यंत्रांवर वाढले. १९७७च्या सुमारास ते इंटरडेटा या अगदी वेगळ्या यंत्रावर नेले गेले तेव्हा हा थर निराळा काढता येतो, आणि काढला तर उरलेले कर्नेल जसेच्या तसे नेता येते, हे सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात त्याच काळात तेच काम स्वतंत्रपणे झाले. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्स लिहायला घेतले तेव्हा हा धडा बाजूला ठेवला. त्याचे कर्नेल इंटेलच्या ३८६ प्रोसेसरला घट्ट चिकटलेले होते, आणि अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी १९९२च्या जानेवारीत त्यावर जाहीर टीका केली. ती टीका त्या घटकेला रास्तच होती. परंतु १९९५च्या मार्चमध्ये आलेल्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसर दाखल झाले, आणि कर्नेलच्या मूळ संहितेत ‘आर्च’ नावाची एक फोल्डर स्थिरावली. आज कोणत्याही नव्या प्रोसेसरला त्या फोल्डरमध्ये जागा आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो.

जागा असली तरी काम संपत नाही. लिनक्सच्या संहितेत निवडीचे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. प्रत्येक पर्यायाला बहुधा तीन उत्तरे असतात: कर्नेलमध्ये कायमचा बसवा, लागेल तेव्हा जोडता येईल असा वेगळा ठेवा, किंवा घेऊच नका. ही सगळी उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरतात आणि तीवरून कंपायलर कर्नेल बांधतो. कोणता पर्याय कशावर अवलंबून आहे हे सांगणारी आजची पद्धत रोमन झिपेल यांनी २००२मध्ये आणली. त्याआधी एरिक रेमंड यांनी याच कामासाठी लिहिलेली अधिक महत्त्वाकांक्षी पद्धत नाकारली गेली होती. कॉन्फिगरेशनसारख्या नीरस गोष्टीवरून किती कडाक्याची भांडणे होऊ शकतात याचा ते प्रकरण म्हणजे नमुना आहे, पण त्यात आज शिरत नाही. भिवंडीच्या मागावर दुसरी क्वालिटी घ्यायची तर बीम बदलतो, फणी बदलते, पिकांचा हिशोब बदलतो; माग तोच राहतो, पण ही जुळणी चुकली तर कापड बाजारात उभे राहत नाही. कर्नेलचे तसेच आहे, आणि इथे चूक अनेकदा ताबडतोब दिसतही नाही.

एक उदाहरण घेऊ. मेमरी प्रोग्रॅमना सुटी दिली जात नाही, ठरावीक मापाच्या पानांत दिली जाते. चौसष्ट बिटांच्या आर्म प्रोसेसरवर हे माप ४, १६ किंवा ६४ किलोबाइट ठेवता येते, आणि कोणते ते कर्नेल बांधतानाच ठरवावे लागते. मोठे पान घेतले तर पत्त्यांचा हिशोब कमी होतो, वेग वाढतो. पण एका किलोबाइटची फाइल मेमरीत आणली तरी ती चौसष्ट किलोबाइटची जागा अडवते. रेड हॅट कंपनीने आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत आर्मसाठी ६४ किलोबाइटचे पान निवडले आणि नवव्या आवृत्तीत मूळ कर्नेल पुन्हा ४ किलोबाइटवर आणले. रास्पबेरी पाय-५ या स्वस्त, छोट्या संगणकावर १६ किलोबाइटच्या पानाचे कर्नेल दिले गेले, तर पान चार किलोबाइटचेच असणार असे गृहीत धरून लिहिलेले काही प्रोग्रॅम त्यावर चालेनात. ही दोन्ही ठिकाणे अनुभवी माणसांची आहेत. निर्णय एका ओळीचा, परिणाम सगळ्या यंत्रावर, आणि बरोबर उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून. असा निर्णय घेणारा माणूस प्रोसेसर जाणणारा हवा आणि त्यावर काय चालणार आहे हेही जाणणारा हवा. अशी माणसे पुस्तक वाचून तयार होत नाहीत. तेच यंत्र अनेक वर्षे हाताळून होतात.

आता ‘अजित’कडे वळू. त्याच्या कर्त्यांनी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट, माझ्या मते, चिपच्या रचनेत नसून तिच्या आज्ञासंचाच्या, म्हणजे तिला कळणाऱ्या आज्ञांच्या यादीच्या, निवडीत आहे. त्यांनी स्वतःचा नवा आज्ञासंच रचला नाही. स्पार्कची आठवी आवृत्ती घेतली. मूळ सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या घरातला हा आज्ञासंच पुढे आयईईई-१७५४ या नावाने खुले मानक झाला. त्यामुळे तो वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि जीसीसी कंपायलर व लिनक्सचे स्पार्कसाठीचे काम आयते मिळते. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने आणि मोहालीच्या त्याच प्रयोगशाळेने २०२५च्या मार्चमध्ये दोन प्रोसेसर जाहीर केले, त्यांत स्वतःचा आज्ञासंच आणि खुला आज्ञासंच यांतला फरक स्वच्छ दिसतो. ‘विक्रम-३२०१’चा आज्ञासंच त्यांचा स्वतःचा आहे. साहजिकच त्यासाठी एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर असे सगळे घरीच लिहावे लागले. ‘कल्पना-३२०१’ मात्र स्पार्कच्या त्याच खुल्या मानकावर आहे, आणि मुक्त-स्रोत साधने त्यावर चालावीत हा तिच्यामागचा जाहीर हेतू आहे. प्रक्षेपक उडवणाऱ्या संगणकाचे काम काही मिनिटांचे आणि काटेकोर असते; त्याला लिनक्स लागत नाही, आणि तिथे स्वतःचा आज्ञासंच ठेवणे परवडते. ज्या प्रोसेसरवर उद्या दुसऱ्या कोणी, न विचारता, आपले काहीतरी चालवावे अशी अपेक्षा आहे, त्याला ते परवडत नाही.

परंतु आज्ञासंच खुला आहे म्हणून कर्नेल आपोआप चालेल असे कोणी समजत असेल तर स्पार्कचाच इतिहास त्याला सावध करील. स्पार्कमध्ये रजिस्टरांच्या ‘खिडक्या’ असतात. फंक्शनला बोलावले की खिडकी पुढे सरकते, परतताना मागे येते. मानकाप्रमाणे अशा खिडक्या दोनपासून बत्तीसपर्यंत कितीही असू शकतात. त्या संपल्या की प्रोसेसर कर्नेलला हाक मारतो आणि जुन्या खिडकीतला ऐवज मेमरीत नेऊन ठेवण्याचे काम कर्नेलवर पडते. लिनक्सचे बत्तीस बिटी स्पार्क कर्नेल आठ खिडक्या धरून लिहिलेले आहे. सातच खिडक्या असलेला प्रोसेसर भेटला तर ते सुरू होतानाच आपल्या काही आज्ञा स्वतःच बदलून घेते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. अनेक प्रोसेसर एकाच वेळी एक आकडा बदलू पाहतात तेव्हा गोंधळ टाळण्यासाठी ‘तुलना करून अदलाबदल’ करणारी एक अखंड आज्ञा आज बहुतेक प्रोसेसरांत असते. स्पार्कच्या आठव्या आवृत्तीत ती नाही. म्हणून लिनक्सला त्या प्रोसेसरवर कुलपे लावून तेच काम करावे लागते. एके काळी तर त्या आकड्याच्या बत्तीस बिटांतले आठ बिट कुलपातच खर्च होत, चोवीसच उरत, आणि ही मर्यादा जगभरच्या इतर कर्नेलकारांना लक्षात ठेवावी लागे. त्यांच्या टेबलावर स्पार्कचे यंत्र नसले तरीही. सिलिकॉनमध्ये जी आज्ञा वाचवली, तिची किंमत कर्नेलने कायम मोजली.

आणि एवढे करूनही दोन स्पार्क प्रोसेसर एकाच कर्नेलवर गुण्यागोविंदाने नांदतातच असे नाही. युरोपीय अंतराळ संस्थेत यिरी गाइसलर यांनी ‘लिऑन’ हा प्रोसेसर घडवला. आज्ञासंच तोच, स्पार्क आठवी आवृत्ती. तरी लिनक्सच्या पर्यायांत ‘लिऑन’ची ओळ वेगळी आहे. कारण आज्ञासंचाचे मानक प्रोग्रॅमच्या आज्ञा ठरवते. इंटरप्ट कोणत्या मार्गाने येणार, टायमर कुठे आहे, हे ठरवत नाही. सनच्या यंत्रांत मेमरी व्यवस्थापनाची रजिस्टरे चौथ्या क्रमांकाच्या पत्ता-अवकाशात भेटतात, लिऑनमध्ये तीच पंचविसाव्या क्रमांकात. फरक एका आकड्याचा. पण चुकीच्या जागी लिहिले तर कर्नेल पडद्यावर पहिले अक्षर उमटवण्याआधीच गप्प होते, आणि काय चुकले हे सांगणाराही कोणी उरत नाही. अजितसारख्या प्रत्येक नव्या स्पार्कपुढे हीच कामे उभी राहतात. आपला इंटरप्ट नियंत्रक कर्नेलला समजावून सांगायचा, टायमर जोडायचा, यंत्रात काय काय आहे याची यादी ‘डिव्हाइस ट्री’च्या रूपाने लिहायची. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्राचे वर्णन कर्नेलच्या बाहेर, निराळ्या फाइलीत ठेवण्याची युक्ती. तिचे मूळ सनच्याच स्पार्क यंत्रांतल्या फर्मवेअरमध्ये आहे. आर्मच्या जगात प्रत्येक बोर्डासाठी वेगळी संहिता लिहिण्याचा सुळसुळाट झाला, २०११मध्ये टोरवाल्ड्स त्यावर उखडले, आणि मग ती युक्ती तिथे सक्तीने गेली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जाणकारांकडूनच येतो. लॅपटॉपवर लिनक्स घालायचे तर कोणीही कर्नेल बांधत बसत नाही. तयार कर्नेल येते, हजारो ड्रायव्हर सुटे ठेवलेले असतात, लागतील ते जोडले जातात. मग दहा हजार पर्यायांची ही चर्चा म्हणजे हौशी मंडळींचा खेळ नव्हे काय? लॅपटॉपपुरते हे मला पूर्ण मान्य आहे. तिथे हाताने कर्नेल जुळवण्यात वेळ घालवणाऱ्याला काही टक्के वेग मिळेल आणि अनेक रात्री जातील. पण हे सुख कशामुळे मिळते ते पाहिले पाहिजे. १९८१च्या आयबीएम पीसीपासून त्या घराण्यातल्या यंत्रांनी आपली रचना एकमेकांशी जुळती ठेवली, आणि आपल्यात काय आहे हे कर्नेलला सांगणारे फर्मवेअर प्रत्येक यंत्रात ठेवले. ती शिस्त चार दशकांची आहे आणि तिच्यामागे अफाट बाजार आहे. त्या घराण्याबाहेर पाऊल टाकले की तयार कर्नेलचा आधार संपतो. आपले सगळे स्वदेशी प्रोसेसर त्या घराण्याबाहेरचेच आहेत.

पुण्याच्या सी-डॅकचा इतिहास या नजरेने वाचण्यासारखा आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, हे मराठी वाचकांना पाठ आहे. कमी सांगितले जाते ते असे की परमच्या प्रत्येक पिढीत आतला प्रोसेसर बदलत गेला. पहिला परम इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर होता. त्या चिपचे वैशिष्ट्य असे की कोणत्या कामाला कधी वेळ द्यायचा, हे कर्नेलचे नेहमीचे काम ती स्वतःच, सिलिकॉनमध्ये, करत असे. मग इंटेलचा आय-८६० आला, मग सुपरस्पार्क, १९९८च्या ‘परम १००००’मध्ये अल्ट्रास्पार्क, ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचा पॉवर-४, आणि २००८च्या ‘परम युवा’पासून इंटेलचे सर्वसाधारण सर्व्हर प्रोसेसर व लिनक्स. ट्रान्सप्युटरचा वंश नव्वदीच्या मध्यात खुंटला, आय-८६०ही त्याच सुमारास संपला. घराणे संपले की त्याला धरून लिहिलेली प्रणाली निकामी होते आणि पुढच्या घराण्याला धरून नव्याने लिहावी लागते. सी-डॅकने हे श्रम पुन्हा पुन्हा केले, आणि त्यातून तयार झालेली माणसे हीच त्या कार्यक्रमाची खरी कमाई होती असे मी म्हणेन. पण परके प्रोसेसर असल्याने त्यांचे आयुष्य किती, हे ठरवणे आपल्या हातात नव्हते. आता प्रोसेसर आपले आहेत. आयुष्य ठरवणे तरी आपल्या हाती आले आहे का?

कर्नेलच्या फोल्डरमध्ये जागा मिळते तशी ती जातेही. ज्या ३८६वर लिनक्सचा जन्म झाला, तो प्रोसेसर २०१३च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ आवृत्तीतून वगळला गेला. २०१८मध्ये ४.१७ आवृत्तीतून एकदम आठ प्रोसेसर-घराणी काढून टाकली गेली, त्यांत अ‍ॅनालॉग डिव्हायसेससारख्या सधन कंपनीचा ब्लॅकफिनही होता. इंटेल आणि एचपी या दोघांनी मिळून ज्यावर अमाप पैसा ओतला, तो इटॅनियम २०२४च्या जानेवारीत गेला. बत्तीस बिटी स्पार्कला डेबियन या लिनक्स-वितरणाने २००९च्या आवृत्तीतच निरोप दिला होता. या कोणावर आकस नव्हता. कर्नेल सतत बदलत असते, प्रत्येक बदलानंतर प्रत्येक घराण्याला आपला थर तपासून दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि तो देणारा माणूस उरला नाही की बाकीच्यांना ते ओझे होते. वगळले जाण्याचे कारण बहुतेक वेळा एकच लिहिलेले असते: आता हे कोणी सांभाळत नाही.

यावर दुसरा आक्षेप असा की परदेशी मंडळींच्या फोल्डरमध्ये जागा मागायचीच कशाला? संहिता खुली आहे, एक प्रत उतरवून घ्यावी, आपल्या प्रोसेसरसाठी जुळवावी आणि आपली आपण ठेवावी. त्यातच खरे स्वावलंबन. हा विचार मनाला भावतो, पण तो आधीच आजमावला गेला आहे आणि त्याचा निकाल आपल्या तालुक्यातच पाहायला मिळतो. माणकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळच्या गोदामांत माल मोजणारे जे हातातले स्कॅनर असतात, त्यांतले बरेचसे आर्म प्रोसेसरवर अँड्रॉइड चालवतात, आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. कित्येक वर्षे प्रत्येक चिप कंपनी लिनक्सची एक प्रत उतरवून घेई, तीत आपली भर घाली आणि मूळ प्रवाहाकडे पाठ फिरवी. दोन-तीन वर्षांत ती प्रत इतकी दूर जाई की मूळ कर्नेलमधल्या सुरक्षा-दुरुस्त्या तिच्यावर बसेनात. यंत्र धडधाकट, बॅटरी बदलता येण्याजोगी, पण कर्नेल जुने म्हणून ते टाकून द्यायचे, हा प्रकार त्यातून आला. शेवटी गूगलने सर्वांसाठी एकच सामायिक कर्नेल आणि कंपन्यांची भर त्याच्याबाहेर, अशी रचना आणली आणि अँड्रॉइड-१२पासून ५.१० कर्नेलवरच्या नव्या उपकरणांना ती लागू केली. गूगलला जी वेगळी चूल परवडली नाही, ती आपल्या एखाद्या प्रयोगशाळेला परवडेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

मूळ प्रवाहात राहण्याचा फायदा काय, याचे एक ठोस उत्तर आहे. बत्तीस बिटी प्रणालींत वेळ मोजण्याचा जुना आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, भरून वाहणार आहे. अर्न्ड बर्गमन आणि इतरांनी अनेक वर्षे खपून ही अडचण दूर केली, आणि २०२०च्या मार्चमधल्या ५.६ आवृत्तीपासून बत्तीस बिटी लिनक्स कर्नेल त्या दिवसापलीकडे जायला तयार झाले. त्यात स्पार्कही आला, कारण तो फोल्डरमध्ये होता. स्पार्कवर पैसा लावणाऱ्या कोणाला त्यासाठी वेगळा खर्च करावा लागला नाही. ज्यांनी आपली प्रत २०१५च्या सुमारास तोडून घेतली असेल त्यांना तो करावा लागेल, आणि बत्तीस बिटी प्रोसेसर मीटरमध्ये, पंपांत, नियंत्रकांत बसतात, वीस-वीस वर्षे चालतात, हे ध्यानात घेतले तर २०३८ फार दूर नाही.

सर्वांत अवघड आक्षेप तिसरा आहे. स्पार्कच मावळतीला लागला. सनची मालकी घेतलेल्या ओरॅकलने २०१७मध्ये त्याचा विकास थांबवला. जग रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाकडे निघाले आहे. मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ने २०१८मध्येच लिनक्स चालवून दाखवले, सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राची ‘वेगा’ मालिकाही त्याच आज्ञासंचावर आहे, आणि केंद्र सरकारने एप्रिल २०२२मध्ये रिस्क-फाइव्हसाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. मग अजितवर आणि त्याच्या कर्नेलवर श्रम का करावेत? याचे अर्धे मी मान्य करतो. आज कोऱ्या कागदावर सुरुवात करणाऱ्याने रिस्क-फाइव्हच घ्यावा. लिनक्समध्ये तो २०१८च्या जानेवारीतल्या ४.१५ आवृत्तीपासून आहे आणि त्याची देखभाल करणारे हात पुष्कळ आहेत. पण आज्ञासंच बदलल्याने माझा मुद्दा कमजोर होत नाही, उलट अधिक टोकदार होतो. रिस्क-फाइव्हमध्ये ऐच्छिक विस्तार इतके आहेत की दोन प्रोसेसरांत कोणते समान असतील याची खात्री नसते, आणि कर्नेलच्या पर्यायांत त्यांच्या ओळी आवृत्तीगणिक वाढत आहेत. शक्ती, वेगा आणि उद्या येणारे आणखी काही, या प्रत्येकाचे इंटरप्ट, टायमर, उपकरणे वेगळी असणार. प्रत्येकाचे डिव्हाइस ट्री आणि ड्रायव्हर मूळ प्रवाहात नेऊन तिथे सांभाळणारे लोक नसतील, तर आज्ञासंच तरुण असूनही ते प्रोसेसर अकाली म्हातारे होतील. स्पार्कवरचे श्रमही वाया जात नाहीत. रजिस्टरांच्या खिडक्या पुढे कामाच्या नाहीत हे खरे. पण परक्या यंत्रासाठी कंपायल करणे, डिव्हाइस ट्री लिहिणे, मुके पडलेले कर्नेल बोलते करणे, आपला बदल अनोळखी परीक्षकांकडून तपासून घेऊन मूळ संहितेत बसवणे, ही कसबे जशीच्या तशी सोबत येतात.

आणि मग खर्च. हा खर्च फार मोठा नाही, म्हणूनच तो होत नाही की काय अशी मला शंका आहे. चिप उतरवण्याला कोट्यवधी लागतात, त्यासाठी फाइल हलते, समिती बसते. कर्नेल सांभाळायला एका प्रोसेसरमागे दोन-तीन जाणकार माणसे लागतात, पण ती दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि प्रकल्प म्हणजे तीन-पाच वर्षांची मुदत अशी आपल्या अनुदानाची घडी आहे. मुदत संपते, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात, आणि ज्याने इंटरप्टची जुळणी लिहिली तो दुसऱ्या शहरात दुसऱ्या कंपनीच्या चिपसाठी तेच काम उत्तम पगारावर करू लागतो. त्याला दोष देता येत नाही. स्वदेशी प्रोसेसरसाठी सरकार जो पैसा मंजूर करील, त्याचा ठरावीक हिस्सा चिप तयार झाल्यानंतरच्या दहा वर्षांच्या कर्नेल-देखभालीसाठी बाजूला काढल्याशिवाय प्रकल्प मंजूर होऊ नये, एवढी एक अट घातली तरी बराच फरक पडेल.

सरकार काय करील ते करो. ठाणे जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहायचे कारण नाही. ‘क्यूएमयू’ नावाचा मोफत प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपवर स्पार्कचे यंत्र हुबेहूब उभे करतो. त्यात लिऑन-३चेही यंत्र आहे आणि रिस्क-फाइव्हचेही. लिनक्सची संहिता फुकट, कंपायलर फुकट. शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून उपाहारगृहाची बिले करणारे आणि ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारे प्रकल्प दरवर्षी करून घेतले जातात. त्यांतले दोन बाजूला ठेवा आणि दोन गटांना लिऑनचे कर्नेल हाताने जुळवायला सांगा. पहिल्या खेपेला ते सुरू होणार नाही. का सुरू झाले नाही हे त्यांनी शोधून लिहावे, आणि पुढच्या वर्षीच्या गटाने ते काम तिथूनच पुढे न्यावे. भिवंडी, कल्याण आणि ठाण्याच्या प्राध्यापक मंडळींना माझी एवढीच विनंती आहे की हे येत्या सत्रापासूनच सुरू करावे.